डॉक्टर झाला, पण रसायनाचा

ब्रुकलिनमध्ये १९२६ साली एका नव्यानं आलेल्या कुटुंबानं कँडीचं दुकान घेतलं. कँडीचं दुकान म्हणजे आपल्याकडचं गोळ्या-चॉकलेटचं दुकान, पानवाल्याची टपरी आणि कोपऱ्यावरचा पेपरवाला हे तिन्ही एका छपराखाली आणले तर जे होईल ते. सोडा, सिगारेटी, वर्तमानपत्रं, मासिकं. दुकान सकाळी सहाला उघडायचं आणि रात्री एकला बंद व्हायचं, आठवड्याचे सातही दिवस. बाप गल्ल्यावर, आई काउंटरमागे, आणि मोठा मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकून दुकानात. सकाळी शाळेआधी घरोघर पेपर टाकायचे तेही त्यानंच.

या मुलाचं नाव आयझॅक ॲसिमॉव्ह. रशियातल्या पेत्रोविची नावाच्या गावी जन्मलेला, आईबापांबरोबर १९२३ साली तीन वर्षांचा असताना इथे आलेला. पुढे यानं पाचशेच्या आसपास पुस्तकं लिहिली. यंत्रमानवांच्या गोष्टी लिहिल्या, आकाशगंगाभर पसरलेल्या साम्राज्याची कहाणी लिहिली, आणि यंत्रमानवानं कसं वागावं याचे तीन नियम असे घालून दिले की आजही यंत्रं विचार करायला लागतील का अशी चर्चा निघाली की कुणीतरी ते नियम काढतोच.

आता मंडळाच्या वृत्तात हा विषय का, ते सांगतो. आपल्या पालक मंडळींकडून हल्ली एक तक्रार वारंवार कानावर येते. मुलगी हुशार आहे हो, पण वहीच्या वह्या भरून ड्रॅगन आणि जादूगारांच्या गोष्टी लिहीत बसते. याचं पुढे होणार काय? एसएटी कोण देणार? तक्रारीच्या सुरात थोडा अभिमानही असतो, नाही असं नाही, पण काळजी खरी असते. इतकी वर्षं घासून, व्हिसाच्या रांगा लावून, दोन-दोन नोकऱ्या करून इथे पाय रोवले ते मुलांनी निदान खाऊनपिऊन सुखी असावं म्हणून. आणि मूल म्हणतं, मी लेखक होणार. अशा घरांसाठी ॲसिमॉव्हची हकीकत सांगण्यासारखी आहे असं आम्हाला वाटलं. तो ड्रॅगनवाला नव्हे, रॉकेटवाला, पण जे डोळ्यांना दिसत नाही ते कागदावर उभं करायचं हा धंदा दोघांचा एकच. शिवाय आम्ही पडलो रसायनवाले, आणि हा गडी कोलंबिया विद्यापीठाचा रसायनशास्त्राचा पीएच. डी. तेव्हा थोडा पक्षपात झाला तर सांभाळून घ्यावं.

या माणसाच्या घराची कथा वाचताना आपल्याच गावची वाटावी अशा गोष्टी पदोपदी भेटतात. जन्मतारखेचंच घ्या. १ जून ही जन्मतारीख असलेले निदान दोन-तीन काका-मामा प्रत्येकाच्या घरात आहेत. मास्तरांनी शाळेत घालताना लिहिली ती कायमची चिकटली. ॲसिमॉव्हच्या आईनंही मुलाला एक वर्ष आधी शाळेत घालता यावं म्हणून ७ सप्टेंबर १९१९ अशी तारीख ठोकून दिली होती. तिसरीत गेल्यावर पोराच्या हे लक्षात आलं आणि त्यानं ती हट्टानं २ जानेवारी १९२० करून घेतली. या प्रामाणिकपणाचं फळ असं, की १९४५ साली महायुद्ध संपल्यावर तो लष्करात भरती झाला. आईची थाप तशीच राहिली असती तर वयाच्या अटीमुळे सुटला असता.

बाप जूडा हा शिकलेला माणूस होता, पण त्याचं शिक्षण तिकडच्या भाषांतलं. इंग्रजी जेमतेम. मुलाला पुस्तकं विकत घेऊन देण्याची ऐपत नव्हती आणि कोणती चांगली हे सांगण्याइतकी भाषा नव्हती. म्हणून त्यानं एकच केलं. मुलगा सहा वर्षांचा झाल्यावर त्याला पब्लिक लायब्ररीचं कार्ड काढून दिलं. काय वाचायचं हे सांगायला घरात कोणी नव्हतं, त्यामुळे पोरानं दिसेल ते वाचलं. ग्रीक पुराणं वाचली, 'इलियड' तर पुन्हा पुन्हा वाचलं, इतिहास वाचला, विज्ञान वाचलं. आपण कुठलं पुस्तक 'आपल्यासाठी नाही' हे त्याला कोणी सांगितलंच नाही. आम्हाला वाटतं, पुढे हा माणूस बायबलपासून शेक्सपिअरपर्यंत आणि अंकगणितापासून रक्ताच्या रसायनापर्यंत कशावरही पुस्तक लिहायला धजला, त्याची मुळं या बेशिस्त वाचनात आहेत.

दुकानातल्या मासिकांवर मात्र बापाची करडी नजर होती. ती मासिकं म्हणजे खरखरीत, स्वस्त कागदावर छापलेला माल. मुखपृष्ठावर किंचाळणारी बाई आणि तिच्यामागे आठ पायांचा राक्षस. विकायला ठीक, पण घरातल्या मुलानं वाचायचं नाही, असा नियम. टवाळ पोरं वाचतात ते तू कशाला वाचायचं? १९२९ साली स्टँडवर एक नवं मासिक आलं, 'सायन्स वंडर स्टोरीज'. नऊ वर्षांच्या आयझॅकनं ते बापापुढे धरलं आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. सायन्स! बापाचं इंग्रजी कच्चं होतं, पण हा शब्द त्याला कळत होता आणि त्या शब्दाबद्दल आदरही होता. परवानगी मिळाली. अट एकच, मासिक पुन्हा स्टँडवर ठेवताना कोरं दिसलं पाहिजे, कारण ते विकायचं आहे. तेव्हा पान न दुमडता, डाग न पाडता, भराभर वाचून परत ठेवायची सवय लागली.

ही परवानगी देताना आपण काय करतो आहोत याची जूडाला कल्पना असण्याचं कारण नव्हतं. १९५० साली मुलाची पहिली कादंबरी 'पेबल इन द स्काय' प्रसिद्ध झाली, ती त्यानं बापाला अर्पण केली. विज्ञानकथेची ओळख आपल्याला करून दिली ती वडिलांनी, अशी नोंद करून.

दुसरं काम या बापानं केलं ते टाइपरायटरचं. मुलगा वहीत गोष्टी खरडतो आहे हे पाहून १९३५ साली त्यानं एक जुना टाइपरायटर आणून दिला. दुकानाच्या कमाईत ही चैनच होती. पण पोरगं एका बोटानं टकटक करताना दिसल्यावर बापानं दम दिला, की पियानो वाजवतात तशी सगळी बोटं वापर, नाहीतर यंत्र परत जाईल. शेजारच्या मुलीनं बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं. पुढे हा माणूस मिनिटाला नव्वद शब्द टाइप करायचा आणि टायपिस्ट कधी ठेवला नाही.

आता डॉक्टरकीकडे येऊ, कारण आमच्या वाचकांच्या मनात तेच असणार. ॲसिमॉव्हच्या आईबापांच्या मनातही तेच होतं. हुशार मुलगा, स्थलांतरित घर, म्हणजे डॉक्टर. हे समीकरण आपल्या लोकांनी काढलेलं नाही, आपल्या आधी आलेल्या सगळ्यांनी ते मांडलेलं आहे. त्यानं न्यूयॉर्कमधल्या पाच मेडिकल स्कूलना अर्ज केले. पाचांनीही नकार दिला. त्या काळी ज्यू मुलांना घेण्यावर बहुतेक कॉलेजांत उघड किंवा छुपी मर्यादा असे, हे एक कारण. आपल्याला रक्त बघवत नाही आणि आपण डॉक्टर झालो नाही हेच बरं झालं, हे त्यानं पुढे स्वतःच कबूल केलं. तेव्हा मात्र घरात सुतक असणार. मग रसायनशास्त्र घेतलं. १९३९ साली पदवी, १९४१ साली एम. ए., मध्ये युद्धकाळात फिलाडेल्फियाला नौदलाच्या प्रयोगशाळेत नोकरी, आणि १९४८ साली डॉक्टरेट. म्हणजे घरात 'डॉक्टर' आला एकदाचा!

पहिली गोष्ट त्यानं छापायला दिली ती अठराव्या वर्षी. 'अस्टाउंडिंग' हे त्याचं लाडकं मासिक, आणि जॉन कॅम्बेल हा त्याचा नवा संपादक. गोष्ट टपालानं पाठवावी की कसं, असा पोरानं घरी सल्ला विचारला. जूडा म्हणाला, हातानं नेऊन दे. हिशेबही सोपा होता. सबवेचं भाडं जाता-येता दहा सेंट, टपालखर्च त्याहून जास्त. २१ जून १९३८ रोजी पोरगा धडधडत्या छातीनं गेला. संपादक भेटणार नाहीत असंच त्याला वाटत होतं. ते भेटले आणि तासभर बोलले. दोन दिवसांत गोष्ट परत आली, बरोबर दोन पानांचं पत्र, गोष्टीत काय बिघडलं आहे ते समजावून सांगणारं. त्या पत्रानं हा पोरगा खचला नाही, उलट हरखून गेला. त्यानं लगेच दुसरी गोष्ट लिहायला घेतली. तिसरी गोष्ट दुसऱ्या एका मासिकानं त्याच वर्षी ऑक्टोबरात स्वीकारली आणि चौसष्ट डॉलरचा चेक आला. शब्दाला एक सेंट.

सुचतं कसं, हा प्रश्न प्रत्येक लेखकाला विचारतात. ॲसिमॉव्हच्या बाबतीत याची दोन उत्तरं तारखेनिशी उपलब्ध आहेत. मार्च १९४१ मध्ये कॅम्बेलनं त्याला इमर्सनचं एक वाक्य दाखवलं. आशय असा, की तारे हजार वर्षांतून एकदाच दिसले असते तर माणसांनी त्यांची किती भक्ती केली असती! कॅम्बेल म्हणाला, भक्ती कसली, माणसं वेडी होतील. जा आणि लिही. एकवीस वर्षांच्या पोरानं 'नाइटफॉल' लिहिली. सहा सूर्य असलेली एक दुनिया, जिथे रात्र होतच नाही, आणि दोन हजारांहून जास्त वर्षांनी एकदा होते. १९६८ साली अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांनी जुन्या कथांतली सर्वोत्तम कोणती यावर मतं दिली, तेव्हा हीच पहिली आली.

दुसरं उत्तर १ ऑगस्ट १९४१ चं. त्या दिवशी कॅम्बेलची भेट ठरलेली, आणि डोक्यात कल्पना एकही नाही. सबवेत बसल्या बसल्या हातातलं पुस्तक मधेच उघडलं. ते गिल्बर्ट आणि सलिव्हनच्या संगीतिकांचं होतं. चित्रात एक परीराणी पहारेकऱ्याच्या पाया पडत होती. पहारेकऱ्यावरून सैन्य, सैन्यावरून साम्राज्य, साम्राज्यावरून रोम (गिबनचा रोमच्या ऱ्हासाचा इतिहास त्यानं वाचलेला होता), आणि रोमवरून थेट आकाशगंगेचं साम्राज्य कोसळतं आहे अशी कथा. स्टेशन येईपर्यंत 'फाउंडेशन'चा पाया पडला होता. आता कोणी म्हणेल, नशीब. आम्ही म्हणतो, तेच चित्र त्या डब्यातल्या आणखी दहा जणांना दाखवलं असतं तर त्यांना परीराणीच दिसली असती. लायब्ररीचं कार्ड कुठे कामी येतं ते असं.

आणि आता आमच्या आवडीची गोष्ट. डॉक्टरेटसाठी ॲसिमॉव्ह टायरोसिनेज नावाच्या एन्झाइमवर काम करत होता. (चिरलेलं वांगं पाण्यात टाकायला विसरलात की काळं पडतं ना, ते त्याच कुळातल्या एन्झाइमाचं काम.) या प्रयोगात कॅटेकॉल लागतं. पांढरे, हलके, सुईसारखे स्फटिक. पाण्याला टेकले की गडप. रोज हे पाहताना त्याच्या मनात आलं, हे जरा आणखी जास्त विद्राव्य असतं तर पाण्याला टेकण्याआधीच विरघळलं असतं. झालं! थायोटिमोलिन नावाचा पदार्थ जन्माला आला, पाणी ओतण्याच्या १.१२ सेकंद आधी विरघळणारा. यावर त्यानं गोष्ट लिहिली नाही, चक्क शोधनिबंध लिहिला. तक्ते, आलेख, खोटे संदर्भ, आणि ती रटाळ, कर्मणी प्रयोगातली भाषा, जी आपण सगळे पोटासाठी लिहितो. कारण असं, की प्रबंध लिहायला बसायचं होतं आणि गोष्टी लिहून लिहून आपली भाषा फार सोपी झाली आहे, आता वाईट लिहिता येईल का, अशी त्याला धास्ती होती. तेव्हा सरावासाठी.

हा निबंध टोपणनावानं छापायचं ठरलं होतं, कारण तोंडी परीक्षा तोंडावर आली होती. मार्च १९४८ च्या अंकात तो आला, आणि आला तो खऱ्या नावानं. पोराची पाचावर धारण. परीक्षा झाली, प्रश्न संपले, आणि शेवटी एका परीक्षकानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, मिस्टर ॲसिमॉव्ह, थायोटिमोलिनच्या ऊष्मागतिकीबद्दल काही सांगाल का? त्याला असं हसू फुटलं की हात धरून बाहेर न्यावं लागलं. नापास करायचं असतं तर कोणी अशी थट्टा केली नसती, हे त्याला उमगलं होतं. ज्यांनी ज्यांनी त्या खोलीत बसून तोंडी परीक्षा दिली आहे त्यांना हा प्रसंग किती गोड आहे ते वेगळं सांगायला नको.

लिहिण्याच्या सवयींबद्दल बोलायचं तर त्या सगळ्या दुकानातूनच आल्या. पहाटे उठायचं, रोज बसायचं, सुट्टी नाही. गिऱ्हाईक येवो न येवो, दुकान उघडं. आपण जन्मभर त्या कँडीच्या दुकानातच आहोत असं तो म्हणायचा. खिडकीबाहेरचं दृश्य त्याला नको असे. पडदे ओढून, भिंतीकडे तोंड करून, दिव्याच्या उजेडात लिहायचा. लहानपणी त्याची एक इच्छा होती, सबवे स्टेशनातला वर्तमानपत्रांचा छोटा ठेला आपला असावा, आणि दार लावून आत वाचत बसावं, बाहेरून गाड्या धडधडत जाव्यात. मोठेपणी त्यानं तेच केलं म्हणायचं, फक्त ठेला मॅनहॅटनमधल्या अपार्टमेंटमध्ये होता. दोनदा लिहायचं, तिसऱ्यांदा नाही. पहिला खर्डा, मग दुरुस्ती, की पाकिटात. एका वेळी तीन-चार पुस्तकं हाताशी. एक अडलं की दुसऱ्याला हात घालायचा, तोवर पहिल्याची गाठ आपोआप सुटते. गोष्टीचा सबंध आराखडा तो काढत नसे. शेवट काय हे ठाऊक असावं, सुरुवात कुठून ते ठरवावं, मधला रस्ता चालताना सापडतो. भाषेबद्दल त्याचा एक दृष्टान्त होता. काही लेखन चर्चमधल्या रंगीत काचेसारखं असतं, काच बघत राहावी असं. काही साध्या काचेसारखं. काच दिसतच नाही, पलीकडचं दिसतं. आपण दुसऱ्या जातीचे, आणि साधी स्वच्छ काच बनवणं रंगीत काचेहून जास्त अवघड आहे, हे सांगायला तो विसरत नसे.

आईबापांनी अधोरेखित करावी अशी बाब मात्र वेगळीच आहे. इतकं सगळं लिहीत असूनही त्यानं नोकरी सोडली नव्हती. १९४९ पासून बोस्टन विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये तो जीवरसायन शिकवत होता. (मेडिकल स्कूलमध्ये गेलाच शेवटी, फळ्याच्या दुसऱ्या बाजूनं!) लेखनाचं उत्पन्न पगाराच्या पुढे गेलं, वीसेक पुस्तकं नावावर झाली, तेव्हा कुठे १९५८ मध्ये अडतिसाव्या वर्षी त्यानं पूर्ण वेळ शिकवणं थांबवलं. पद मात्र सोडलं नाही. तेव्हा मूल लेखक होणार म्हणतं आहे याचा अर्थ ते उपाशी राहणार असा धरायचं कारण नाही. आणि मुलांनीही, लेखक व्हायचं म्हणून केमिस्ट्रीचा गृहपाठ न करण्याचं निमित्त म्हणून हा लेख आईपुढे करू नये.

या माणसाचं सगळंच घेण्यासारखं नव्हतं. विज्ञानकथेच्या संमेलनांत बायकांशी त्याची वागणूक अंगचटीची होती, आणि त्या काळी लोकांनी ती हसण्यावारी नेली. आज ती कोणी हसण्यावारी नेत नाही, आणि नेऊही नये. मुलींच्या हाती त्याची पुस्तकं देताना आम्ही हेही सांगतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार दिवस सलते आहे. घरात यिडिश बोलत. आईबापांना रशियन येत होतं, पण ते त्यांनी मुलांना शिकवलं नाही. अमेरिकन व्हायचं तर इंग्रजी, असा विचार. पुढे जगभरच्या भाषांत ज्याची पुस्तकं गेली, त्याला आपल्या जन्मभूमीची भाषा येत नव्हती, आणि ती शिकवली असती तर बरं झालं असतं ही हळहळ त्यानं लिहून ठेवली आहे. यिडिश समजायची, बोलायची, पण लिहिलं सगळं इंग्रजीत. रविवारच्या मराठी शाळेत मुलांना ओढत आणताना आपल्याला कधी कधी वाटतं, कशासाठी हा अट्टहास? त्या वेळी आम्हाला ही हळहळ आठवते.

मराठीत अशा गोष्टी लिहिता येतात का, ही शंका मात्र कोणी काढू नये. जयंत नारळीकर केंब्रिजला फ्रेड हॉईलच्या हाताखाली शिकले. हॉईल स्वतः विज्ञानकथा लिहायचे. त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' १९५७ सालची. मोठा शास्त्रज्ञ गोष्टी लिहितो यात कमीपणा नाही, हे नारळीकरांनी गुरूच्या घरीच पाहिलं. १९७२ साली ते भारतात परतले. पुढे अहमदाबादच्या एका परिसंवादात भाषण फारच कंटाळवाणं चाललं होतं, तेव्हा समोरच्या कागदांवर त्यांनी गोष्ट लिहायला सुरुवात केली. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती, १९७४ ची. आपल्या नावामुळे परीक्षकांवर दडपण नको म्हणून स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून त्यांनी 'नारायण विनायक जगताप' असं नाव घेतलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत मंगलाताईंच्या हस्ताक्षरात. 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाची आवर्जून दखल घेतली. म्हणजे जगातल्या नामवंत खगोलशास्त्रज्ञानंही पहिली गोष्ट दिली ती स्पर्धेला, आणि नाव झाकून. आपल्या स्मरणिकेला लेख द्यायला लाजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आम्हाला त्यांच्या शीर्षकांचं फार कौतुक आहे. 'यक्षांची देणगी', 'अंतराळातील भस्मासुर', 'वामन परत न आला', 'उजव्या सोंडेचा गणपती'. शेवटच्या कथेत आरशातल्या प्रतिमेसारखा डावा-उजवा बदललेला माणूस आहे. आमच्या रसायनात डाव्या आणि उजव्या हाताचे रेणू असतात, त्यामुळे ती वाचताना आम्ही खुर्चीवरून उठलो नाही. 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये १७६१ सालच्या त्या १४ जानेवारीला मराठे जिंकले असते तर, ही कल्पना आहे. दरवर्षी संक्रांतीला तिळगूळ वाटताना आपल्या घरात निदान एका आजोबांच्या मनात हा 'तर' येतोच. नारळीकरांनी तो उचलला आणि त्याला विज्ञानाची फोडणी दिली. या कथेचा इंग्रजी अवतार भारतात अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात आहे, त्यामुळे मराठी वाचता न येणाऱ्या मुलांपासूनही सुरुवात करता येईल. ड्रॅगन काढणाऱ्या मुलीला हे दाखवायला हवं, की भस्मासुर आणि वामन हा तिच्याच घरचा माल आहे.

दोघांत एक साम्य आम्हाला सापडलं, ते पोस्टकार्डाचं. ॲसिमॉव्ह वाचकांच्या पत्रांना ढीगभर पोस्टकार्डांनी उत्तरं द्यायचा. तो १९९२ साली वारल्यावर धाकटा भाऊ स्टॅन्लीनं त्या पत्रांतून निवड करून पुस्तक काढलं. नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही असेल. २० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यात गेले, तेव्हा अशी कार्डं जपून ठेवणारे आता पन्नाशी-साठीला आलेले किती तरी लोक पुढे आले.

तेव्हा मंडळानं यंदा असं ठरवलं आहे. गणेशोत्सवाच्या अंकात चार पानं मुलांच्या कल्पनाकथांसाठी राखून ठेवली आहेत. गोष्ट मराठीत असावी. इंग्रजीत लिहिली असेल तर आईबाबांनी किंवा आजी-आजोबांनी मुलाला शेजारी बसवून मराठी करावं, स्वतः परस्पर करू नये. शुद्धलेखनावरून कोणाचीही गोष्ट परत जाणार नाही. जी छापता येणार नाही तिच्याबरोबर काय जमलं आणि काय जमलं नाही हे सांगणारं पत्र मुलाच्या नावानं येईल. ते लिहिण्याची जबाबदारी आम्ही घेतली आहे. मोठ्यांनाही बंदी नाही, हवं तर आडनाव उलटं करून पाठवा. कागदाच्या एकाच बाजूला, काळ्या शाईनं लिहा. पेन्सिल आणि फिकी निळी शाई आपल्या कॉपी मशीनला दिसत नाही. गोष्टी रविवारच्या मराठी शाळेत खाऊच्या टेबलाजवळ ठेवलेल्या खोक्यात टाकाव्यात. मागच्या वेळी त्या खोक्यात दोन चकल्या आणि एक हातमोजा निघाला होता.